धामणबेटाची राखण

धामणबेट हे काही खरंखुरं बेट नव्हे. धरणाचं पाणी तीन बाजूंनी चढलेलं आणि चौथ्या बाजूला बैलगाडी जाईल एवढी मातीची वाट, तिला तिथले लोक नाळ म्हणतात. पावसाळ्यात नाळ बुडते, मग होडीशिवाय गत्यंतर नाही. मी तिथली ग्रामसेविका. हल्ली आम्हाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं असतं, पण पगार तोच आणि बोलणी खायची तीही तीच, म्हणून मी आपली ग्रामसेविकाच म्हणते. माझं नाव मोहिनी, राहणार नाशिकजवळ मखमलाबाद. माहेरी झेंडूचा मळा, सासरी भाजीपाला. रोज स्कूटीवरून त्र्यंबकेश्वरच्याही पुढे जायचं म्हणजे कंबरडं मोडतं, आणि कंबरडं मोडलेली बाई हळवी राहत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून लोक म्हणतात, मॅडम मनाने जरा हळव्या दिसतात.

दिवाळी झाली की धामणबेट रिकामं होतं. भात झोडून झालं, नागली घरात आली, की सगळी तरणी माणसं निफाडकडे द्राक्षाच्या कामाला. आमच्या सरपंच मनीषाताईसुद्धा जायच्या. सही हवी असली की मी फाईल घेऊन कुठल्यातरी बागेत, मांडवाखाली वाकत वाकत त्यांना शोधायची, आणि त्या हात साडीला पुसून सही करायच्या. शिमग्याला सगळी परत. तोवर गावात म्हातारीकोतारी, कुत्री आणि कोंबड्या.

असं गाव म्हणजे चोरांना आयतं ताट. आजूबाजूच्या गावांतून पाण्याच्या मोटारी जायच्या, तांब्याची केबल जायची, शेळ्या तर भरदिवसा पिकअपमध्ये घालून नेल्या. धामणबेटातून मात्र एक चमचा हलला नव्हता. ठाण्यातले हवालदार गोटीराम मला डोळे बारीक करून विचारायचे, "मॅडम, खरं सांगा, तक्रारी दाबता ना?"

"दाबायला आधी तक्रार तर येऊ दे," मी म्हणायची.

राखणीची गावाची पद्धत साधी होती. धामणीच्या लाकडाची एक काठी होती, खांद्याएवढी, हात लागून लागून गुळगुळीत झालेली. ज्या घरासमोर संध्याकाळी ती टेकवलेली दिसेल, त्या घराची दुसऱ्या दिवशी राखण. काठी घेऊन गावभर हिंडायचं, कड्या ओढून बघायच्या, पाण्याकाठच्या मोटारी बघायच्या, सुटलेलं वासरू बांधायचं, आणि उरलेला वेळ नाळेच्या तोंडाशी दगडावर बसायचं. नवखं कोणी आलं की विचारायचं, कोणाकडं आलात? दिवस मावळला की काठी पुढच्या घरी. बाप्या नसला तर बाई जायची. पाळी चुकवली असं कधी ऐकलं नाही. सरकारने लाख योजना आणाव्यात आणि या लोकांनी एका काठीवर कारभार चालवावा, याचा मला कौतुकाइतकाच रागही यायचा.

कुसाबाईचं घर पिंपळाच्या खालच्या अंगाला होतं. एकटी बाई. गुडघे गेलेले, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं तरी भिंत धरून. एकुलता एक पोरगा धनराज, दोन वर्षांपूर्वी द्राक्षाला गेला तो आलाच नाही. टोळीच्या मुकादमाने सांगितलं, अर्ध्यातच पळाला, दुसरीकडे जास्त रोज मिळाला असेल. तक्रार मीच लिहून दिली होती. ठाण्यातून एकदा माणूस आला, म्हातारीचं रक्त तपासायला घेऊन गेला, आणि पुढे काही नाही. पोरगा गुणी होता. मी पहिल्यांदा होडीत बसताना घाबरले तेव्हा त्यानेच हात दिला होता, आणि हसून म्हणाला होता, "मॅडम, पाणी गुडघाभर हे. बुडायचं म्हणलं तरी निजावं लागंल."

राखणीच्या पाळीतून त्याचं घर कुणी वगळलं नव्हतं. म्हटलं, ही बाई राखण करते कशी? विचारलं तर कुसाबाई चुलीपुढून मान वर न करता म्हणाली, "मी कशाला? धनराज करतो ना. पाळीला येतो तो."

म्हातारीचं मन, म्हटलं. शेजारचा मंगळू करत असेल तिच्या वाटची, आणि पोराचं नाव सांगत असेल, तेवढंच तिला बरं. पण मंगळूला विचारलं तर तो चपापला. म्हणाला, "मला वाटला तुम्हीच कोणाला तरी सांगितला असंल."

त्या साली जिल्ह्यातून कॅमेऱ्यांची योजना आली. एक खांब नाळेवर, एक पिंपळापाशी, वर सोलरची पाटी, आणि कार्यालयात टीव्हीसारखा पडदा. नाशकातल्या द्वारकेच्या दुकानातून सुयश नावाचा मुलगा जोडणीला आला. त्याने सगळं समजावून सांगितलं आणि जाताना म्हणाला, "आता काठीबिठीची गरज नाही मॅडम. गाव सेफ." पुंजाबाबा, गावातले सगळ्यात जुने, तिथेच विडी ओढत बसले होते. म्हणाले, "हा डोळा बघंल. पण विचारंल कसा, कोणाकडं आलात म्हणून?" सुयशने उरलेली वायर पिशवीत कोंबली आणि गाडीला किक मारली.

मी दुपारचा डबा पडद्यासमोर बसून खायची. गंमत वाटायची. कोंबड्या, लंकाबाईची शेळी, पापड वाळत घातलेले.

एके दिवशी दुपार झाली तरी काठी कुसाबाईच्या दारातच दिसली. शेजारी फडक्यात बांधलेली भाकरी. म्हटलं, चला, आज कोण येतं ते कळेल. भाजीत भाकरी बुडवून मी बघत बसले. कोणी आलं नाही. तेवढ्यात फोन आला म्हणून क्षणभर मान वळवली, परत बघते तर काठी नाही. फडकंही नाही.

चित्रण मागे नेऊन पाहिलं. काठी आहे, आहे, आहे, आणि मग नाही. मध्ये काहीच नाही.

पण कुत्री उठली. पिंपळाखाली तंगड्या पसरून पडलेली दोन्ही कुत्री उठली, आळस दिला, आणि शेपट्या हलवत रस्त्याने निघाली, एकामागे एक, ओळखीच्या माणसामागे निघावीत तशी. लंकाबाईच्या अंगणात दाणे टिपणाऱ्या कोंबड्या दोन्ही बाजूंना सरकल्या, वाट दिली, आणि परत जवळ आल्या. सावित्रीबाईचं उघडं राहिलेलं दार हळूच लोटलं गेलं. वारा असेल. दोरीवरचे कपडे मात्र हलत नव्हते.

मी सुयशला फोन लावला. "फ्रेम ड्रॉप होतात मॅडम," तो म्हणाला. "नेटवर्कच तसलं आहे तिकडे." मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. माणूस फ्रेममधून गळला, कुत्री तेवढी कशी राहिली, हे मी त्याला विचारलं नाही.

थंडी सरता सरता गोटीराम हवालदार कार्यालयात आले. मोटारी चोरणारी टोळी पकडली होती. चहा पिता पिता म्हणाले, "तुमच्याकडं पण आले होते की ते."

"आमच्याकडून काही गेलं नाही."

"गेलंच नाही. तेच सांगतोय." त्यांनी कप खाली ठेवला. "भरदुपारी पिकअप घेऊन नाळेवर आले. तिथं काठी घेऊन एक पोरगा उभा. लय नम्र म्हणे. 'कोणाकडं आलात, पाव्हणं?' ह्यांनी काहीतरी नाव ठोकून दिलं. तो म्हणतो, 'ते कामाला गेलेत. दुसरं कोण?' ह्यांनी दुसरं नाव सांगितलं. परत तेच. मॅडम, सराईत माणसं आहेत ती, एखाद्या पोराला ढकलून पुढं गेली असती. पण म्हणतात, पाय उचलेना. त्याच्या अंगातून पाणी गळत होतं. डोक्यावरून, बाह्यांतून, सारखं. आणि उन्हात उभा. खालची माती मात्र कोरडी."

"पिऊन आले असतील."

"मी पण तेच म्हटलं," गोटीराम म्हणाले. पण चहा अर्धाच सोडून उठले.

गावात त्या वयाचं त्या दिवसांत कोणी नव्हतं. त्या दुपारचं चित्रण मी काढून पाहिलं. पिकअप नाळेवर येऊन थांबलेली दिसते. दोन माणसं उतरतात. खांबाशेजारच्या रिकाम्या जागेशी बराच वेळ बोलतात. मग मागे मागे सरत गाडीत चढतात.

काठी तेव्हा कुणाच्या दारची होती, हे विचारायला मी गेले नाही. मला जायचंच नव्हतं.

आणि मग ठाण्यातूनच फोन आला. निफाडकडच्या एका बागेत विहिरीचा गाळ काढताना हाडं सापडली होती. कुसाबाईचं रक्त त्यांच्याशी जुळलं. डॉक्टरांच्या मते दोन वर्षं तरी झाली होती. म्हणजे पोरगा पळाला नव्हता. गेला त्या हिवाळ्यातच, पाय घसरून की आणखी कशाने देव जाणे, तो त्या पाण्यात होता आणि आम्ही त्याला पळपुटा म्हणत होतो. मी फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून रडले. होय, रडले. गुडघाभर पाण्याची चेष्टा करणारा तो पोरगा डोळ्यांसमोरून हलेना.

कुसाबाईला सांगायला मी पुंजाबाबांना बरोबर घेतलं. ते विडी न पेटवताच दातांत धरून चालत होते. ती चुलीपाशीच होती. मी चार वाक्यं मनात जुळवून नेली होती, त्यातलं एकही लागलं नाही.

"मला ठाव हे," ती म्हणाली. "पहिल्यांदा पाळीला आला तवाच समजला. ओला होता. मी विचारला नाय." मग ती भिंत धरून उठली, माझ्याजवळ आली आणि माझा हात घट्ट धरला. "पण बाई, त्याला नाय ठाव. त्याला कोणी सांगायचा नाय."

पुंजाबाबा खाली बसले, तिच्यासमोर.

"कुसा, असा नाय चालायचा. माणूस गेला तर पाळी फेडावी लागती. तुला काय मी सांगू?"

ती रीत मला तेव्हा कळली. राखणीतला माणूस गेला की काठी त्याच्या उंबऱ्याला लावायची आणि नाव घेऊन मोठ्याने सांगायचं, तुझी पाळी फिटली, आता राखण आमची. तसं सांगितल्याशिवाय पाळी त्याच्याच अंगावर. धनराजला कोणी ते सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? गाव त्याला जिवंत धरून चाललं होतं. परक्या ठिकाणी रोजावर असलेला, आज ना उद्या येणारा.

"मेलेल्याला राबवायचा का, कुसा?" पुंजाबाबा म्हणाले. "पोरगा तिकडून कुठून कुठून चालत येतो, दिसभर उन्हात उभा ऱ्हातो, आन् परत पाण्यात जातो. त्याला सुटका नाय व्हायची का?"

"तो पाळीसाठीच येतो," कुसाबाई म्हणाली. "पाळीच नाय ऱ्हायली तर कशाला येल? मला त्यो दिसतो तेवढाच. दारातून काठी उचलतो, माझ्याकडं बघतो, भाकर घेतो. तेवढंच हे माझ्याजवळ. तेवढं पण काढून घेता का?" मग माझ्याकडे वळली. "बाई, तुम्ही सरकार ना? तुम्ही सांगा ह्यांना. ऱ्हाऊ द्या म्हणा."

कसलं सरकार आणि कसलं काय. दाखले द्यायचे, नळपट्टी वसूल करायची, दिवाबत्ती बघायची, एवढं माझं सरकार. माझा स्वतःचा मुलगा पुण्यात, महिनामहिना फोन करत नाही. आला तर त्याला पोटाशी धरताना तो कोरडा आहे की ओला, हे मी तरी बघितलं असतं का? मी पुंजाबाबांना म्हटलं, "शिमग्यापर्यंत थांबा. सगळी घरी येऊ द्या. मग काय ते सगळ्यांसमोर." त्यांनी दातांतली विडी काढून खिशात ठेवली आणि ते हो म्हणाले.

तोवर कुसाबाईच्या घराची पाळी एकदा आली. त्या दिवशी मी पडदा बंद ठेवला.

शिमग्याला गाव भरलं. मनीषाताई आल्या, बातमी ऐकून ओसरीवर मटकन बसल्या. द्राक्षाच्या टोळीतली पोरं, धनराजबरोबर एका चादरीत झोपलेली, मान वर करेनात. होळीच्या दुसऱ्या दिवशी, चांगलं ऊन वर आल्यावर, सगळे कुसाबाईच्या दाराशी जमले. ती आतच बसून होती. एकदा फक्त म्हणाली, "हळू सांगा रं त्याला."

पुंजाबाबांनी काठी उंबऱ्याला लावली.

"धनराज," ते म्हणाले. "बाळा, तू गेलास. आम्हाला ठाव नव्हता. लय राखलास गाव. तुझी पाळी फिटली. आता राखण आमची."

पिंपळाखालची कुत्री उठून उभी राहिली. दाराकडे बघत राहिली. मग दोन्ही खाली बसली, पुढच्या पायांवर डोकं ठेवून.

काठी मंगळूच्या घरी गेली. बायका रडत होत्या. कुसाबाईच्या घरातून मात्र आवाज नव्हता.

त्यानंतर मला चैन पडेना. पोराचं दिसणंही आपण हिरावलं, आता ही बाई जगते की नाही, याच धास्तीत मी होते. लंकाबाई म्हणाली, भाकर तर थापते, धूर दिसतो, पण दार लोटलेलं असतं, कोणाला आत घेत नाय. शेवटी एका दुपारी मीच गेले. बरोबर गूळ-शेंगदाणे घेतले होते. दाराबाहेरून हाक मारली.

"या," आतून आवाज आला. "पण हळू या, बाई."

मी आत गेले. चुलीपलीकडे, भिंतीला लागून एक गोधडी अंथरलेली होती. तिच्या उशाशी कुसाबाई बसली होती. मी तिला इतकी वर्षं बघत होते, पण तिचा तसा चेहरा कधी पाहिला नव्हता. सुरकुत्या सैल झाल्या होत्या. बाळंतिणीसारखी दिसत होती, थकलेली आणि भरलेली.

"आताच डोळा लागलाय," ती कुजबुजली.

"कोणाचा?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"मी येडी. म्हणत होते, पाळी गेली तर येणार नाय." ती हसली. "अहो बाई, पाळी होती म्हणून तर जात होता. आता कुठं जायचा हे त्याला?"

मी गूळ-शेंगदाण्यांची पिशवी खाली ठेवली.

"आला तवा म्हणला, आये, तुला ठाव होता ना? मग मला का नाय सांगितलास?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी काय सांगू? म्हणलं, निज आता. लय दिवस उभा हेस."

मी गोधडीकडे पाहिलं. सपाट होती. एक घडी, एक वळी नव्हती तिच्यावर.

कुसाबाई पदराने माशी वारत होती.

माशी उडायची, घोंगावायची, आणि परत येऊन त्याच जागी बसायची, पाय चोळत. गोधडीच्या वीतभर वर.